जाऊबाईंचा नंबर

पेंटरबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा वाकडी रेघ मारली ती पाववाल्याच्या पाटीवर, भर दिवसा, चार लोकांदेखत. काम संपवून त्या शिडीवरून उतरल्या, थोड्या मागे सरकल्या, मान तिरकी करून पाहिलं आणि स्वतःवरच खूश होऊन म्हणाल्या, "झकास."

पाववाला दारात पिठाचे हात पुसत उभा होता. त्याने पाटी वरपासून खालपर्यंत पाहिली. मग हळूच म्हणाला, "बाई, ते मधलं अक्षर असं का बसलंय? पोटबिट दुखतंय का त्याचं?"

जमलेले सगळे हसले. बाईही हसल्या, त्यांना वाटलं हा थट्टा करतोय. डोळ्यावर आलेली बट मागे सारताना उजवा डोळा हाताआड गेला आणि एकट्या डाव्या डोळ्याला ती पाटी दिसली. अक्षर खरंच कलंडलं होतं. मग त्यांनी डावा डोळा झाकला. आता अक्षर ताठ उभं आणि दाराची चौकट वाकडी. शिवाय ऐन मध्ये एक मळकट डाग, काचेवर कुणी अंगठा उमटवून ठेवावा तसा.

त्यांनी मुकाट्याने शिडी पुन्हा लावली आणि ते अक्षर पुसून टाकलं. डावा डोळा उघडा ठेवून नवीन काढलं. पण बातमी पसरायची ती पसरलीच.

हाताने पाट्या रंगवणारं त्या भागात दुसरं कुणी उरलं नव्हतं. नवरा पेंटर होता, त्याच्याकडून त्या शिकल्या आणि तो गेल्यावर त्याचीच शिडी खांद्यावर घेऊन कामाला लागल्या. पट्टी न लावता सरळ रेघ मारायची, ही त्यांची ख्याती. आणि राग धरून ठेवायचा, ही दुसरी. एका चपलावाल्याने कधीकाळी 'बाईमाणसाला शिडीवर काय जमणार' असं म्हटलं होतं. तो म्हातारा होऊन वारला, दुकान मुलाकडे गेलं, तरी त्या दुकानाची चप्पल बाईंनी पायात घातली नव्हती.

मात्र एका माणसावर त्यांचा डोळे मिटून विश्वास होता. तो म्हणजे त्यांचा थोरला दीर. ते औषधं द्यायचे. डॉक्टर नव्हते, पण हाताला गुण आहे म्हणून अख्खा भाग त्यांना गुणकाका म्हणायचा. इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचं दुकान होतं. दारापुढे फुटपाथवर बाकं मांडलेली, आत भिंतीला मुळ्या-पाल्यांच्या बरण्या, आणि काउंटरवर कागदाच्या पुड्यांचा ढीग. गुडघा, कंबर, मान, काहीही धरलेलं असो, पुडी घेऊन गेलेला माणूस दोन दिवसांत तुरुतुरु चालत आभार मानायला यायचा. वर पहिल्या मजल्यावर दीर-जावेचं घर आणि समोरासमोर दार असलेलं पेंटरबाईंचं.

बाईंचं मनगट धरलं होतं. ब्रश उचलला की कळ कोपरापर्यंत जायची. गुणकाकांनी पुड्या दिल्या आणि कळ गायब झाली. गेलं दीड वर्ष त्या रोज सकाळी एक पुडी घेत होत्या. भूक वाढली, तोंड गोल गरगरीत झालं, तेव्हा जाऊबाई म्हणाल्या होत्या, "मानवलं हो तुला औषध!"

वाकड्या रेघेनंतर त्या आधी दिराकडेच गेल्या. त्यांनी नाडी पाहिली, डोळ्याची पापणी ओढून पाहिली आणि म्हणाले, "नसा थकल्यात. दोन्ही वेळा घेत जा पुडी."

बाईंनी दोन्ही वेळा घेतली. महिन्याभरात तो मळकट डाग एवढा दाट झाला की समोरच्या माणसाचं नाकच दिसेना. तेव्हा त्या बस पकडून डोळ्यांच्या दवाखान्यात गेल्या.

तिथल्या डॉक्टरीणबाई वयाने लहान आणि बोलायला तोडून टाकणाऱ्या. त्यांनी बाहुली मोठी करायचे थेंब घातले, मशीनपुढे हनुवटी टेकवायला लावली आणि पडद्यावर एक चित्र दाखवलं. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा आडवा छेद. मधोमध तो पडदा फुगून वर आला होता, भिंतीच्या रंगाखाली ओल धरून फुगा यावा तसा.

"पडद्याखाली पाणी साठलंय," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणून रेघा वाकड्या दिसतात. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू आहेत का?"

"छे! मी साधी डोकेदुखीची गोळीही घेत नाही."

"काहीच नाही?"

"दिरांच्या पुड्या घेते फक्त. झाडपाल्याच्या आहेत."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "दुखणं दोन दिवसांत पळालं? भूक वाढली? आणि हे तोंड आधीपासून असं गोल?"

बाईंनी स्वतःच्या गालाला हात लावून पाहिला. पिशवीत एक पुडी होतीच, ती त्यांनी काढून दिली. डॉक्टर म्हणाल्या, तपासायला पाठवते, पण मला विचाराल तर निकाल आत्ताच सांगते. मग बजावून सांगितलं, "घरी जाऊन पुड्या फेकून देऊ नका. इतके दिवस घेतलेलं एकदम तोडलं तर चक्कर येऊन पडाल, जिवावर बेतेल. समोरच्या खोलीतले डॉक्टर मोजून-मापून गोळ्या देतील, त्या हळूहळू कमी करतील. तोवर डोळ्यातलं पाणी आपोआप सुकतं का बघू. नाही सुकलं तर लेसर."

तपासणीत निघालं ते डॉक्टरांनी म्हटलं तेच. ते ऐकून बाई तडक दिराच्या दुकानात गेल्या. बाकांवर माणसं होती.

"भाऊजी, तुमच्या पुड्यांत स्टेरॉइड आहे म्हणे."

गुणकाका उठले. त्यांनी आतल्या खोलीचा पडदा बाजूला केला, बाईंना दंडाला धरून आत घेतलं आणि म्हणाले, "हळू बोल."

बाईंना सगळं त्या 'हळू बोल'मध्येच कळलं. दिरांनी 'काय बरळतेस' म्हटलं असतं तर कदाचित त्या डॉक्टरांशी भांडायला परत गेल्या असत्या.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"मनगट थांबलं ना दुखायचं? शिडी चढत होतीस ना? मग? कुठलं औषध कुणाला बाधत नाही? तुझ्याच डोळ्यांना सोसलं नाही, त्याला मी काय करू?"

"डोळ्यांचं सांगितलं तेव्हा तुम्ही दुप्पट दिलं मला."

गुणकाकांनी पडदा नीट ओढून घेतला. मग आवाज आणखी खाली आणून म्हणाले, "हे बघ, या भागातली निम्मी माणसं मी पायावर उभी केली आहेत. लोक कुणाचं ऐकतील? माझं, की वाकड्या रेघा मारणाऱ्या बाईचं? घरातली आहेस म्हणून सांगतो. गप्प बस."

आणि आठवड्याभरात जिकडेतिकडे एकच कुजबुज. पाववाल्याने ती बाईंच्या कानावर घातली, चेहरा पाडून. गुणकाका डोळ्यांत पाणी आणून सांगत होते म्हणे, की बिचारीचं डोळ्यांबरोबर डोकंही चाललंय, भावाच्या मागे एकटी पडली, काहीबाही बोलते, मनावर घेऊ नका. कामं येईनाशी झाली. एक दिवस बाई जिना उतरून खाली आल्या तर गुणकाकांच्या दुकानावरची त्यांनी रंगवलेली पाटी उतरवलेली आणि त्या जागी छापील प्लास्टिकची चकचकीत पाटी. उतरवलेली पाटी कचऱ्याच्या पिंपाला टेकून उभी होती.

बाई तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या. त्या रडल्या नाहीत. चपलावाल्याच्या जोडीला आता दुसरं नाव बसलं.

डोळ्यातलं पाणी आपोआप सुकलं नाही. पुड्यांचा अंमल उतरवताना अंग मोडून यायचं, मनगट पुन्हा ठणकायला लागलं, गोल तोंड ओघळलं. शेवटी लेसरचा दिवस ठरला. त्यांना वाटलं होतं मोठा समारंभ असेल, हिरवे कपडे, टेबलावर आडवं करणं. तसलं काही नव्हतं. अंधाऱ्या खोलीत एक स्टूल, एक मशीन. डोळा बधिर करायचा थेंब, मग त्यावर जेल लावलेली एक काच टेकवली.

"जळेल का?" बाईंनी विचारलं.

"नाही जळणार. जुन्या लेसरने डाग पडायचा. हा किरण मी सलग सोडत नाही, बारीक तुकडे करून सोडते. एक टिचकी, मग उसंत, मग पुन्हा टिचकी. उसंतीत पडदा थंड होतो, म्हणून भाजत नाही. पण काम होतं. याला मायक्रोपल्स म्हणतात. हलू नका."

पिवळा उजेड टिकटिक करत डोळ्यात पडू लागला. खरोखरच काही दुखत नव्हतं. हनुवटी टेकलेली, कपाळ पट्ट्याला चिकटलेलं, तोंडाने बोलायची सोय नाही. अशा स्थितीत माणूस विचारच करणार. बाईंनी केला. दुकानासमोर जाऊन शंख करावा, बरण्या फोडाव्यात, हे सगळं त्यांनी रात्रंदिवस मनात घोळवलं होतं. आता त्यांच्या लक्षात आलं की तसं केलं तर दीर म्हणतील, बघा, मी सांगत होतो ना. आपण ओरडायचं नाही. एकेक माणूस काढून घ्यायचा त्यांच्या बाकावरून. घाई करायची नाही.

"झालं," डॉक्टर म्हणाल्या. "आता राग-राग करू नका हं. मनाला ताप झाला की या आजारात पाणी पुन्हा साठतं."

"नाही करत," बाई म्हणाल्या, आणि डोळ्याला काळा चष्मा लावून थेट इस्त्रीवालीकडे गेल्या.

इस्त्रीवाली कंबरेसाठी गुणकाकांच्या पुड्या घ्यायची. बाईंनी पुड्यांचं नावही काढलं नाही. "मला एकटीला बसमधून जायची भीती वाटते गं. चल सोबत. तिथे तुझेही डोळे बघून घेऊ," एवढंच म्हणाल्या. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिला तेच प्रश्न विचारले, जे बाईंना विचारले होते. तिच्या डोळ्यांचा दाब भलताच वाढलेला निघाला. "दुखत नाही, कळत नाही, कडेकडेने नजर खात जातो," डॉक्टर म्हणाल्या. "वेळेत आलात." इस्त्रीवाली परत येताना बसमध्ये एक अक्षर बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र ती इस्त्री करता करता येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाशी बोलली.

मग निवृत्त हेडमास्तर. त्यांना मोतीबिंदू आणि शिवाय साखर. मग टेलरची आई. तिचे डोळे ठणठणीत निघाले. डॉक्टरांनी तसं सांगितल्यावर म्हातारी खूश झाली आणि पेंटरबाईंचं तोंड पडलं. आपलं तोंड पडलंय हे त्यांचं त्यांनाच जाणवलं. त्यांनी ते पटकन सावरलं, पण वाटायचं ते वाटून गेलं होतं.

लोक म्हणायला लागले, काय मनाची बाई आहे! स्वतःच्या डोळ्यांचं एवढं झालं तरी दुसऱ्यांना हाताला धरून नेते. पाववाल्याने तर एकदा डोळे भरून त्यांना ताजा पाव बांधून दिला. बाईंनी घेतला. घरी येऊन त्यांनी खिडकीत बसून तो खाल्ला आणि खाली दुकानापुढे किती बाकं रिकामी आहेत ते बघितलं. आता त्यांना चांगलं दिसत होतं. पडद्याखालचा फुगा बसत चालला होता. समोरच्या इमारतीच्या खिडक्यांच्या कडा सरळ व्हायला लागल्या होत्या. त्या सरळ रेघांपेक्षा त्यांना खालची रिकामी बाकं जास्त सुख देत होती.

या सगळ्यात जाऊबाई मात्र होत्या तशाच होत्या. दिराने कुजबुज उठवली तेव्हाही त्या रोज दार वाजवून आत येत, चहा ठेवत, म्हणत, "त्यांचं मनावर घेऊ नकोस. मी सांगितलंय त्यांना, तिच्याबद्दल असं बोलायचं नाही." गुडघ्यांसाठी त्याही पुडी घ्यायच्या. नवऱ्याच्या हातची, रोज, पाण्याबरोबर. नवरा प्रेमाने द्यायचा. त्यात खोट नव्हती. आपल्या औषधाने माणूस चालता होतो, एवढंच त्याला दिसायचं. त्यापुढचं त्याने बघायचं सोडून दिलं होतं.

एकदा सकाळी जाऊबाई जिन्यावरून वर येत होत्या. दाराशी बाजूला पाण्याची बादली ठेवलेली होती, बाई ब्रश धूत होत्या. जाऊबाई समोर बघत हसत आल्या आणि ती बादली त्यांनी सरळ लाथाडली. पाणी जिन्यावरून वाहत गेलं. "अगं बाई! ही कुठून आली इथे?" त्या म्हणाल्या. मग घरात येऊन त्यांनी चहा केला आणि कप टेबलाच्या कडेच्याही बाहेर ठेवला. बाईंनी तो हवेतच धरला.

कडेकडेने नजर खात जातो. बाईंना डॉक्टरांचा आवाज जसाच्या तसा ऐकू आला. त्यांनी हळूच आपला हात जाऊबाईंच्या कानाच्या रेषेत धरला आणि बोटं हलवली. जाऊबाई बोलत राहिल्या. मान वळली नाही, पापणी हलली नाही.

'उद्याच्या बसने न्यायचं,' हा बाईंच्या मनात आलेला पहिला विचार. दुसरा विचार आला तो असा: आज हिला नेलं तर दीर म्हणतील, वय झालं, डोळे जाणारच. अजून बाकावर माणसं आहेत, अजून त्यांचं ऐकणारे आहेत. आधी ते संपू देत. ते अगदी उघडे पडतील, आणि त्यांच्याकडे दाखवायला काही म्हणजे काही उरणार नाही, तेव्हा हिला त्यांच्यासमोर उभी करायची. जाऊबाईंचा नंबर शेवटी.

"कुठे तंद्री लागली?" जाऊबाईंनी विचारलं.

"काही नाही. चहा मस्त झालाय," बाई म्हणाल्या.

उन्हाळा गेला, हवा गार झाली. हेडमास्तरांनी आरोग्य खात्याकडे तक्रार केली. मास्तर चिवट माणूस, त्यांनी त्या खात्याचा उंबरा झिजवला. शेवटी दोन अधिकारी आले आणि पुड्या तपासणीला घेऊन गेले. त्यांतलं एक पाकीट फुटून काउंटरवर पांढरी भुकटी सांडली, तिच्याकडे बाकावरचे लोक असे बघत राहिले जसं काही ती त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. काही आठवड्यांनी ते अधिकारी पुन्हा आले, ते दुकानाला सील ठोकायलाच.

रस्त्यात गर्दी जमली. इस्त्रीवाली सर्वांत पुढे. गुणकाका दुकानाच्या पायरीवर उभे होते, शर्टाची बटणं खालीवर लागलेली. सुरुवातीला ते समजावत होते, मग रडकुंडीला आले आणि मग ओरडायला लागले.

"मी कुणाचं वाईट चिंतलं का? सांगा! जे घरच्या माणसाला दिलं तेच तुम्हाला दिलं! माझी बायको हेच औषध घेते! आज नाही, किती वर्षं! विचारा तिला! तिला काही झालंय?"

पेंटरबाई जिन्याच्या दाराशी उभ्या होत्या. याच वाक्याची त्या वाट बघत होत्या, फक्त ते दीर स्वतःच्या तोंडाने म्हणतील असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्या वर गेल्या. जाऊबाई घाबरून दाराआड बसल्या होत्या.

"चला, जाऊबाई. भाऊजी बोलावतायत."

त्यांनी जावेला हाताला धरून एकेक पायरी उतरवत खाली आणलं आणि नवऱ्यासमोर उभं केलं. गर्दी पुढे सरकली. बाई जाऊबाईंच्या डाव्या बाजूला उभ्या राहिल्या आणि आपला हात वर केला, सगळ्यांना दिसेल असा.

"जाऊबाई, भाऊजींकडेच बघत राहा. माझी बोटं किती आहेत?"

"कुठली बोटं?" जाऊबाई म्हणाल्या. "तू आहेस कुठे?"

बाईंनी हात आणखी पुढे घेतला. "आता?"

"काय करतेयस गं? मला तुझा हात दिसत नाहीये. या बाजूला अंधार का आहे?"

भर उन्हात उभं राहून त्या हे विचारत होत्या. गुणकाकांनी बायकोच्या डाव्या डोळ्यापुढे स्वतःचा हात हलवला. मग पुन्हा हलवला. ज्या डोळ्याची पापणी त्यांनी कधी ओढून पाहिली नव्हती तो डोळा आता त्यांच्या पलीकडे कुठेतरी बघत होता. त्यांचं तोंड उघडं राहिलं. ते पायरीवर खाली बसले आणि डोकं गुडघ्यांत घातलं.

पेंटरबाईंनी ते सगळं नीट पाहिलं. उजव्या डोळ्याने पाहिलं, डाव्या डोळ्याने पाहिलं. त्यांच्या छातीत असा काही आनंद दाटून आला की तो चेहऱ्यावर उमटू नये म्हणून त्यांना ओठ चावावा लागला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने त्यांनी जाऊबाईंना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी दाब मोजला, पुन्हा मोजला, मग आतली नस बघायला बराच वेळ घेतला. उजव्या डोळ्याला नळीतून बघावं एवढंच दिसत होतं. डाव्यात जवळजवळ काही उरलं नव्हतं. याही डोळ्यांना तोच तुकड्या-तुकड्यांचा लेसर द्यायचा होता, पण दुसऱ्या तऱ्हेने. डोळ्याशेजारी सुई देऊन तो बधिर करायचा आणि पेनासारखी एक दांडी पांढऱ्या भागावर वरून आणि खालून फिरवत न्यायची. डोळ्यात पाणी तयार होतं ते त्याने कमी होतं आणि दाब उतरतो.

"पण एक समजून घ्या," डॉक्टर म्हणाल्या. "गेलेली नजर परत येणार नाही. आहे ती राखायची. पाच-सहा महिने आधी आल्या असत्या तर डावा डोळाही हाती लागला असता." मग त्या पेंटरबाईंकडे वळल्या, आणि त्यांच्या त्या तुटक आवाजात पहिल्यांदाच जरा माया आली. "तुम्ही अख्खा मोहल्ला घेऊन येता. घरातल्या माणसाचं कसं लक्षात नाही आलं हो तुमच्या?"

बाईंनी टेबलावरचे कागद उचलून पिशवीत घातले. जाऊबाईंनी मान आवाजाच्या दिशेने वळवली होती.

लेसर झाल्यावर दोघी बाहेरच्या बाकावर बसल्या. जाऊबाईंच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या. पदराचं टोक त्यांनी चिमटीत धरलं होतं.

"तू इस्त्रीवालीला आणलंस," त्या म्हणाल्या. "मास्तरांना आणलंस. टेलरच्या आईला, ती तर तुझ्याशी नीट बोलतही नाही. माझं दार तुझ्या दारासमोर आहे."

"जाऊबाई..."

"मी बादली लाथाडली तेव्हा तू दारातच होतीस. एरवी किती हसली असतीस मला. त्या दिवशी हसली नाहीस. तेव्हाच कळलं होतं ना तुला?"

नाही म्हणणं सोपं होतं. शेजारी बसलेल्या बाईला चेहरा दिसत नव्हता. पेंटरबाईंनी 'नाही' तोंडात घोळवलं आणि त्यांच्याच्याने ते बाहेर काढवलं नाही.

"हो," त्या म्हणाल्या.

"मग माझा नंबर शेवटी का लावलास?"

"भाऊजींना दाखवायचं होतं."

जाऊबाईंनी मान हलवली. हिशेब जुळल्यासारखी. "दाखवलंस. त्यांचं तोंड कसं झालं ते मला काही दिसलं नाही. तुला दिसलं ना?"

"दिसलं."

"बरं वाटलं?"

"वाटलं," पेंटरबाई म्हणाल्या, कारण ते खरं होतं.

"आणि आता?"

उत्तराची वाट न बघता जाऊबाई उठल्या. बाईंनी हात पुढे केला, त्यांच्या बोटांना तो लागला, आणि त्यांनी आपली बोटं काढून घेतली. भिंत चाचपत त्या बसच्या दिशेने निघाल्या. बाई मागून चालत राहिल्या, पायरी आली की 'पायरी' म्हणत. जाऊबाई पायरीला पाय टाकायच्या, पण मागे वळत नव्हत्या.

गुणकाकांवर खटला भरला. ते घराबाहेर पडत नाहीत. जिन्यात पेंटरबाई समोरून आल्या तर भिंतीला पाठ लावून उभे राहतात आणि त्या जाईपर्यंत वर बघत नाहीत. बाईंना अजूनही त्यांची कीव येत नाही. स्वतःला विचारून पाहिलं त्यांनी. येत नाही. कामं परत आली आहेत, रेघा सरळ पडतात, मनगट दुखतं ते दुखतं.

जाऊबाईंच्या डोळ्यात रोज संध्याकाळी थेंब घालावे लागतात. नवऱ्याने पहिल्याच दिवशी बाटली हातात घेतली होती. "तुमच्या हातचं औषध नको," एवढंच त्या म्हणाल्या आणि बाटली काढून घेतली. स्वतःच्या हाताने घालायला गेलं की थेंब गालावर पडतो. मग दुसरं कोण आहे? संध्याकाळ झाली की समोरचं दार उघडतं आणि त्या चौकट धरून येतात, खुर्चीत बसतात, मान मागे टाकतात. चहा ठेवत नाहीत. पेंटरबाई खालची पापणी बोटाने खाली ओढतात. त्यांचा हात जरासुद्धा हलत नाही.

"पडला?" जाऊबाई विचारतात.

"पडला. आता दुसरा."

याशिवाय दोघी काही बोलत नाहीत. थेंब मुरेपर्यंत जाऊबाई डोळे मिटून बसतात, मग उठून चौकट शोधतात आणि आपल्या घरी जातात.